कलाक्षेत्रातून बौद्धिक संपदा कायद्याकडे: वाट कशी, अडतं कुठे?

शाईकांडी
चित्रकार, डिझायनर, पटकथाकार, संगीतकार यांच्यापैकी कोणी वकिलीकडे, त्यातही कॉपीराइट-ट्रेडमार्ककडे वळायचं ठरवलं तर नेमकं काय काय करावं लागतं, हे सलग एका जागी सापडत नाही. म्हणून हा चर्चेचा धागा. पार्श्वभूमी एवढीच की मुंबई विद्यापीठाची उपयोजित कलेची पदवी आहे, चाळिशी जवळ आली आहे आणि महाराष्ट्रातच राहायचं आहे.

वयाची अट आहे का? कलेची पदवी चालते का? पेटंटचं काम मिळू शकतं का? आणि मुख्य म्हणजे वकिली सुरू केल्यावर डिझाइनची कामं चालू ठेवता येतात का?

माझं मत आधीच सांगते. ज्याची नजर चित्रावर घडली आहे त्याला या क्षेत्रात इतरांच्या बरंच पुढून सुरुवात करता यायला हवी. पटत नसेल तर खुशाल तोडा.

डोंगरकपारी
बसायला जागा धरून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

फोर्टकर
ओळीने घेतो.

वय: बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांची नियामक संस्था) २०१६ मध्ये वयोमर्यादा पुन्हा लागू केली होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. महाराष्ट्राच्या सीईटीला (कायद्याच्या प्रवेश परीक्षेला) वयाची वरची मर्यादा नाही. पन्नाशीतले लोकही वर्गात दिसतात.

पदवी: ३ वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, चालतं. मात्र जुनी जी.डी. आर्ट ही पदविका आहे, पदवी नाही, तेवढ्यावर ३ वर्षांच्या कोर्सला प्रवेश नाही. अशांनी बारावी झाली असेल तर ५ वर्षांचा कोर्स घ्यावा, नाहीतर आधी पदवी करावी. दुसरी अडचण मुक्त विद्यापीठवाल्यांची. दहावी-बारावी रीतसर करून मग दूरस्थ पदवी घेतली असेल तर हरकत नाही. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रवेश नाही. फी भरून झाल्यावर हे कळतं आणि मग धावाधाव होते.

सीईटी: कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

हजेरी: प्रत्येक विषयात ७० टक्के. 'संध्याकाळचं कॉलेज करू, दिवसा स्टुडिओ' हे गणित कागदावर जमत नाही. रोज किमान ५ तास, आठवड्याला ३० तास वर्ग आणि तेही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळातच, असा नियम आहे. काही ठिकाणी डोळेझाक होते, पण त्या भरवशावर ३ वर्षं लावू नयेत. शिवाय ३ वर्षांत मिळून १२ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे.

पुढचं, म्हणजे सनद (वकिलीचा परवाना) वगैरे, कोणीतरी लिहा. हात दुखले.

बोरूबहाद्दर
सनदेचं मी लिहितो. निकाल लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. इथे पूर्वी 'इतर शुल्क' या नावाखाली बरेच पैसे जायचे. ३० जुलै २०२४ ला गौरव कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवक्ता कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे तेवढंच घ्या, म्हणजे खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यावर कोणी मागितले तर लेखी पावती मागा.

सनद मिळाल्यावर २ वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, खुल्या वर्गाला ४५ टक्क्यांना पास, टिपणं नसलेले मूळ कायदे बरोबर नेता येतात. गंमत अशी की या १०० प्रश्नांत बौद्धिक संपदेचे प्रश्न २. बाकी दिवाणी, फौजदारी, घटना, पुरावा. म्हणजे ज्यासाठी आलात ते पानातल्या कोशिंबिरीएवढं.

उंटावरचा
सगळे वाट दाखवायला निघालेत, खड्डे कोणी दाखवत नाही. माझा विरोध नोंदवा.

एक, पेटंट विसरा. पेटंट एजंट (पेटंटचे अर्ज हाताळणारा अधिकृत माणूस) व्हायला पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बीएफए चालत नाही. खरगपूरच्या आयआयटीतली बौद्धिक संपदेची एलएलबीसुद्धा कलेच्या पदवीधरांसाठी नाही.

दोन, 'दृश्यकलेची नजर' न्यायालयात पहिले काही महिने कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: या न्यायालयाला अधिकारक्षेत्र आहे का? दावा मुदतीत आहे का? तातडीचा दिलासा मागत नसाल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्याआधीची मध्यस्थी झाली का? नसेल तर दावा दारातच परत जातो, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन खटल्यात ते सक्तीचं केलंय. मनाई हुकूम मागायचा तर प्रथमदर्शनी बाजू, सोयीचं पारडं (हुकूम दिला-न दिला तर गैरसोय कोणाची जास्त) आणि भरून न येणारं नुकसान, ही तीन पायऱ्यांची चढण. यातलं काय कॅनव्हासवर शिकवतात?

तीन, पैसे. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. घराचा हप्ता चालू असेल तर आधी दीड-दोन वर्षांची तजवीज करा आणि मगच काळा कोट शिवा.

डोंगरकपारी
उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, उंटावरून थंड पाणी ओतणारे पहिल्यांदाच बघतोय.

मंजिरी_पा
उंटावरचा यांचे मुद्दे १ आणि ३ मान्य. दुसऱ्याला अर्धी सहमती. अर्धी अशासाठी की शाईकांडी, तुमचं विधानही सरसकट आहे. तीन कायद्यांत 'साम्य' तीन वेगळ्या डोळ्यांनी बघतात आणि कलाकाराचा डोळा तिन्हीकडे सारखा उपयोगी पडत नाही.

ट्रेडमार्कमध्ये मोजपट्टी असते ती साधारण बुद्धीच्या, पुसट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाची. अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा (सर्वोच्च न्यायालय, १९६२) आणि पार्लेच्या बिस्किटाच्या वेष्टनाचा खटला (१९७२) हे दोन वाचाच. पार्ले खटल्यात न्यायालय म्हणतं की दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका, एकूण छाप बघा. इथे तुमचा तयार डोळा चक्क आडवा येतो. कर्निंग (अक्षरांमधलं अंतर) वेगळं, स्ट्रोकची जाडी वेगळी, निळ्याची छटा वेगळी, हे तुम्हाला लगेच दिसतं आणि तुम्ही अशिलाला सांगून बसता की 'दोन्ही लोगो वेगळे आहेत'. किराणा दुकानासमोर घाईत उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काहीही दिसत नाही.

कॉपीराइटमध्ये आर. जी. आनंद खटल्याची (१९७८) कसोटी: दोन्ही कृती पाहिल्यावर वाचक-प्रेक्षकाचं ठाम मत होतं का, की दुसरी पहिलीची नक्कल आहे. कल्पना मोकळी, मांडणी राखीव. यात तुमची नजर निम्मी कामाची, कारण त्या शैलीत सगळ्यांकडे सारखं असतं ते काय आणि खास या चित्रकाराचं ते काय, हे वेगळं काढता यावं लागतं.

खरी चलती डिझाइन कायद्यात. तिथे कलम २(ड) नुसार तयार वस्तूचं रूप निव्वळ डोळ्याने जोखायचं असतं आणि आधीच्या रूपांशी तुलना बारकाईने करावी लागते. कलाशाळेतली वर्षं सगळ्यात जास्त फळतात ती इथे, आणि लोक नेमके इकडेच फिरकत नाहीत.

शाईकांडी
मंजिरीताई, मत मागे घेतलं, निदान दोन तृतीयांश. डिझाइनबद्दल जरा विस्ताराने लिहाल का कोणी? अर्ज कसा, कुठे, चुकतं काय?

कावळेदादा
डिझाइन कायदा, २०००. नोंदणीचं काम कोलकात्याच्या पेटंट कार्यालयातून चालतं, अर्ज ऑनलाइन जातो. फॉर्म १, व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला १,००० रुपये, इतरांना ४,०००. वस्तूचा वर्ग लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षांची एक मुदतवाढ.

अर्जाचा जीव चित्रांच्या पानांत असतो. समोर, मागे, डावी, उजवी, वर, खाली आणि एक तिरपं दृश्य, ही सगळी एकाच वस्तूची आणि एकाच प्रमाणात. हरकती येतात त्या बहुतेक अशा: एका दृश्यात हँडलला खाच आहे आणि दुसऱ्यात नाही, फोटोत सावली पडल्याने कड कळत नाही, वस्तूवर ब्रँडचं नाव तसंच राहिलंय, मापं लिहिलीत, नावीन्याचं निवेदन पानावर नाही. निवेदनही नेमकं हवं. नावीन्य आकारात आहे, पृष्ठभागावरच्या नक्षीत आहे की दोन्हींत, ते सांगायचं आणि अक्षरं, आकडे, यांत्रिक क्रिया यांच्यावर हक्क सांगत नाही हेही लिहायचं. हरकती दूर करून अर्ज ६ महिन्यांत पूर्ण व्हावा लागतो, जास्तीत जास्त ३ महिने वाढवून मिळतात. मग अर्ज सोडून दिला असं धरतात.

सगळ्यात महागडी चूक अर्जाच्या आधीच झालेली असते. अशील इन्स्टाग्रामवर फोटो टाकून 'लवकरच येत आहे' म्हणतो आणि महिन्याभराने नोंदणीला येतो. कलम ४ प्रमाणे डिझाइन अर्जाआधी जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. आपल्याकडे सरसकट सवलतीचा काळ नाही, अधिसूचित प्रदर्शनाची ६ महिन्यांची सवलत आहे, तीही आधी सूचना दिली असेल तरच. डिझायनर मंडळींना पोर्टफोलिओ लगेच टाकायची खोड असते. वकील झालात तर अशिलाला पहिलं वाक्य हेच सांगायचं.

आणि कलम १५, कॉपीराइट कायदा. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, की तिच्यातला कॉपीराइट संपतो. सोफ्याच्या कापडावरची नक्षी घ्या. दिल्ली उच्च न्यायालयाचा मायक्रोफायबर्स निकाल (२००९) याच कापडांचा. एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुपदरी कसोटी घालून दिली: आधी ती निव्वळ कलाकृती आहे की तिच्यावरून औद्योगिक पद्धतीने घडवलेलं डिझाइन, हे ठरवा, कॉपीराइट उरत नसेल तर मग तिचं मूळ काम उपयोगाचं आहे की दिसण्याचं, हे बघा.

एक खंत मात्र आहे. डिझाइनची चोरी झाली तर कलम २२ खाली ठरीव भरपाई दर उल्लंघनाला २५,००० आणि एका डिझाइनला एकूण कमाल ५०,०००. त्यामुळे सगळा भर मनाई हुकमावर.

नीरक्षीर
कावळेदादांना दंडवत. वाचनखूण साठवली.

बोरूबहाद्दर
ट्रेडमार्कच्या बाजूलाही डिझायनरला एक जागा आहे, ती सुटू नये म्हणून लिहितो. लोगोचा शोध. शब्दाचा शोध कोणीही घेतं, उच्चारसाम्याचाही घेतात. चित्रचिन्हाचा शोध घ्यायला व्हिएन्ना वर्गीकरणाचे (चित्रांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे) अंक लागतात: १ खगोलीय गोष्टी, ३ प्राणी, ५ वनस्पती, २६ भौमितिक आकृती, त्यांच्या पोटात आणखी फाटे. गणपती, कमळ, दीपस्तंभ, उगवता सूर्य असले लोगो हजारोंनी नोंदलेले आहेत. नुसता 'सूर्य' शोधला तर यादी संपत नाही. सूर्य अर्धा आहे की पूर्ण, किरण आहेत की नाहीत, पाण्यावर आहे की डोंगरावर, असं चित्र फोडून दोन-तीन अंक जुळवावे लागतात. नुसते शब्द वाचणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, चित्र वाचणाऱ्याला जमतं.

बाकी आकडे: टीएम-ए (ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज) ऑनलाइन, व्यक्ती/स्टार्टअप/लघुउद्योग ४,५०० आणि इतर ९,००० रुपये, प्रत्येक वर्गाला. माल आणि सेवांचे वर्ग एकूण ४५. परीक्षण अहवालाला महिन्याभरात उत्तर. ट्रेडमार्क जर्नलमध्ये आल्यावर ४ महिने विरोधाला मोकळे. विरोध आला तर नोटीस मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिनिवेदन, नाहीतर अर्ज गेला. ही २ महिन्यांची तारीख चुकून इतके अर्ज मरतात की कार्यालयात नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी डायरीच हातात द्यावी.

आणि हो, यासाठी सनद लागतेच असं नाही. ट्रेडमार्क एजंटला कुठलीही पदवी चालते, परीक्षा मात्र द्यावी लागते. ती दर वर्षी होतेच असं नाही, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. एजंट रजिस्ट्रीपुढे (ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयापुढे) उभा राहू शकतो, न्यायालयात नाही. मुंबईत रजिस्ट्री अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड तिच्या हद्दीत.

टाकदौत
शाईकांडींसारख्यांना करारांत जास्त वाव आहे असं मला वाटतं. लोगो करून दिला, पैसे आले, हक्क कोणाचा? ९० टक्के लोक म्हणतील 'पैसे दिले त्याचा'. कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक कर्ताच. नोकरीत केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं, हा अपवाद. दुसरा अपवाद छायाचित्र, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग आणि चित्रपट यांचा: दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलं तर, वेगळा करार नसल्यास, सांगणाऱ्याचं.

म्हणजे फ्रीलान्स डिझायनरचा लोगो लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचाच. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११(३) असं सांगतं की कॉपीराइट कायद्याने ज्याचा वापर अडवता येतो ते चिन्ह नोंदवता येत नाही. हस्तांतरणाचा कागद नसला की नोंदणी झालेला ब्रँडही अडचणीत येतो.

उंटावरचा
'९० टक्के' हा आकडा कुठून आला?

टाकदौत
हवेतून. मागे घेतो. 'बहुतेक' वाचावं.

मंजिरी_पा
टाकदौत, एक गाठ सुटलेली नाही. मुखपृष्ठासाठी टॅबलेटवर केलेलं चित्र 'पेंटिंग' की 'ड्रॉइंग'? कलम २(क) मध्ये पेंटिंग आणि ड्रॉइंग वेगवेगळे शब्द आहेत, कलम १७(ब) मध्ये मात्र पेंटिंगच आहे. पेंटिंग म्हटलं तर प्रकाशक मालक, ड्रॉइंग म्हटलं तर चित्रकार.

टाकदौत
माझ्या मते रेषाचित्र असेल तर ड्रॉइंग, रंगभरण असेल तर पेंटिंग. डिजिटल असल्याने फरक पडू नये.

फोर्टकर
आणि रेषाचित्रात नंतर सपाट रंग भरला तर? टाकदौत, ही रेघ न्यायालयात टिकणार नाही. म्हणून वाद घालण्यापेक्षा करारात लिहून मोकळं व्हायचं. कलम १९: हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं, कृती कोणती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे सगळं त्यात हवं. काळ लिहिला नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं ठरलं नसेल तर. 'सर्व हक्क कायमचे आणि विश्वभर' असं छापणारे ही वर्षाची अट बदलायला बऱ्याचदा विसरतात.

आणि कलम ५७. हक्क विकले तरी नाव आणि कृतीची अब्रू कर्त्याकडेच राहते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गुदामात टाकलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष परत करायला आणि ५ लाख रुपये द्यायला सांगितलं.

लोकलप्रवासी
अवांतर: देवनागरी फॉन्टवर कॉपीराइट असतो का? प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे अख्खा फॉन्टखजिना असतो, सगळा 'मित्राकडून' आलेला.

कावळेदादा
अक्षराच्या वळणावर नाही, असं कॉपीराइट बोर्डाने २००२ मध्ये आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्सच्या प्रकरणात म्हटलंय. पण फॉन्टची फाइल म्हणजे संगणक प्रोग्राम, त्यावर हक्क सांगता येतो. म्हणून फाइल कॉपी केली तर अडकाल, तेच वळण हाताने पुन्हा काढलं तर प्रकरण अवघड होतं. फ्लेक्सवाल्यांना हा फरक सांगण्यात अर्थ नाही, ते फाइलच कॉपी करतात.

नीरक्षीर
अवांतरात आणखी एक. कोल्हापुरी चपलांवरून २०२५ मध्ये प्राडा या परदेशी फॅशन कंपनीविरुद्ध एवढा गदारोळ झाला, मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका का फेटाळली?

मंजिरी_पा
याचिका हक्कदाराने केलेली नव्हती म्हणून. २०१९ च्या भौगोलिक निर्देशनाचे (जीआय टॅगचे) नोंदणीकृत मालक महाराष्ट्राचं आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ. त्यांनी स्वतः दावा करावा, असं न्यायालय म्हणालं. हक्कभंगाचा दावा करू शकतो तो मालक किंवा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता. इथे हस्तकलेशी ओळख असलेल्या वकिलाला करण्यासारखं भरपूर आहे, कारण कारागिरांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून देणं हे कंटाळवाणं, कमी पैशांचं आणि अत्यंत गरजेचं काम पडून आहे. वारली चित्र, पैठणी, सगळीकडे तेच.

पडद्यामागे
चित्रकारच बोलतायत, पटकथावाल्यांचं कोणी लिहीत नाही. तीन गोष्टी. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची (पटकथाकारांच्या संघटनेची) नोंदणी हा तारखेचा पुरावा आहे, कॉपीराइट नोंदणी नव्हे. शीर्षकावर कॉपीराइट नाही, सर्वोच्च न्यायालय, २०१५, कृषिका लुल्ला खटला. आणि 'माझी कल्पना चोरली' हा दावा बहुधा गोपनीयतेच्या पायावर लढावा लागतो. त्यासाठी नेमकी कोणती माहिती, कोणाला, कोणत्या तारखेला, गुप्त म्हणून दिली, हे दाखवावं लागतं. २०२१ चा तरुण वाधवा विरुद्ध सारेगामा हा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल वाचा, डोंबिवलीत झॉम्बी येतात त्या मराठी चित्रपटाबाबतचा. मनाई मिळाली नाही. डोंबिवलीत झॉम्बी ही कल्पना कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही, आणि डोंबिवलीकरांना ती फारशी नवीही नसावी.

लोकलप्रवासी
सकाळी ८:०२ ची फास्ट पाहा. मूळ कृती तीच.

फोर्टकर
पुराव्याचा मुद्दा पडद्यामागे यांनी काढलाच आहे तर: १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून संगणक काढतो तो ठशासारखा अंक, लिहावा लागतो. कलाकारांच्या फाइली इथे मार खातात. मूळ लेअरवाली फाइल नवीन हार्ड डिस्कवर कॉपी करताना तारखा बदललेल्या असतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रतिमा आकसून वेगळीच फाइल झालेली असते. मूळ फाइल आहे तिथेच ठेवा, तिचा शा-२५६ हॅश काढून ग्राहकाला पाठवायच्या ईमेलमध्येच लिहा. फुकट आहे.

कॉपीराइट नोंदणीची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयात याबद्दल उलटसुलट मतं होती, २०२१ च्या संजय सोया निकालात नोंदणी ऐच्छिक असल्याचं स्पष्ट झालं. करायची तर फॉर्म १४, साध्या कलाकृतीला ५०० रुपये, मालावर वापरायची असेल तर २,००० आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं शोध प्रमाणपत्र. डायरी क्रमांक पडल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं.

शाईकांडी
भरपूर मिळालं, आभार. पण माझा चौथा प्रश्न तसाच राहिला. सनद घेतल्यावर डिझाइनची कामं?

उंटावरचा
नाही. बार कौन्सिलच्या नियमांतला ४७ वाचा: वकिलाने स्वतः धंदा करू नये. निष्क्रिय भागीदार राहता येतं, तेही राज्य बार कौन्सिलला तो धंदा पेशाच्या प्रतिष्ठेला धरून वाटला तर. नियम ४९: पूर्णवेळ पगारी नोकरी नको. म्हणजे स्टुडिओच्या मालकीणबाई आणि वकीलबाई एकाच वेळी होता येत नाही. आपल्याच बार कौन्सिलचं उदाहरण आहे. मुंबईतले शल्यविशारद डॉ. हनीराज चुलानी यांना डॉक्टरकी चालू ठेवून सनद हवी होती. नकार मिळाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

मंजिरी_पा
नियम ५१ सांगायचा राहिला. लेखन, पत्रकारिता, प्रसारण, व्याख्यानं, शिकवणं, कायद्याचं असो वा नसो, पूर्णवेळ नोकरी आणि जाहिरातबंदीचे नियम सांभाळून चालतं. कलाशाळेत तासिका तत्त्वावर शिकवता येईल. जुन्या चित्रांची रॉयल्टी घेणं म्हणजे धंदा चालवणं नव्हे असं बहुतेक जण धरतात. नवीन व्यावसायिक कामांबद्दल मात्र अंदाज बांधू नका, नियम ५२ चा आधार घेऊन राज्य बार कौन्सिलला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

जाहिरातीचंही सांगते, कारण डिझायनरना सवय असते. नियम ३६. संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र, बस्स. 'लोगो चोरीला गेलाय? आजच संपर्क करा' असली सुंदर मांडणीची पोस्ट टाकलीत तर शिस्तभंगाला निमंत्रण.

टाकदौत
मग सनद न घेता एलएलबी करून कंपनीत जावं. चित्रपट-ओटीटीवाल्यांकडे हक्कांची साखळी तपासणारी माणसं लागतात: कथेच्या मूळ लेखकापासून निर्मात्यापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाचा कागद आहे का, पार्श्वभूमीला भिंतीवर दिसणाऱ्या चित्राची परवानगी आहे का, गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क तिघांकडून घेतलेत का. सेटवर काम केलेल्याला हे चटकन दिसतं. नियम ४९ चा प्रश्नच येत नाही, स्टुडिओ चालवायचा की नाही ते नोकरीच्या करारावर.

उंटावरचा
टाकदौत यांच्याशी चक्क सहमत. तारीख लिहून ठेवा.

बोरूबहाद्दर
आणि काही ठरवण्याआधी वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) अकादमीचा डीएल-१०१ हा ऑनलाइन कोर्स करून पाहा, फुकट आहे. नागपूरला बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही प्रशिक्षण वर्ग असतात. तेवढ्यात जांभया आल्या तर ३ वर्षं वाचली.

शाईकांडी
मग आता असं दिसतंय: सीईटी देते, सोबत ट्रेडमार्क एजंटच्या परीक्षेवर लक्ष, आणि शिकताना भर डिझाइन कायद्यावर. सनदेचा निर्णय तिसऱ्या वर्षी. कागदपत्रं काय काय आत्ताच काढून ठेवू?

फोर्टकर
पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, नुसती शेवटच्या वर्षाची नको. टक्केवारीऐवजी श्रेणी असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जात वैधता, आणि नॉन-क्रिमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, जुना दाखला घेऊन गेलात तर खुल्या वर्गात टाकतात. आणि दहावी, पदवी, आधार या तिन्हींवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा, नाहीतर पहिल्या फेरीतच अर्ज परत येईल.

शाईकांडी
आधारवर नाव वेगळं आहे. उद्या सेतू केंद्रात जाते.

लोकलप्रवासी
सेतूला ११ च्या आत जा, नंतर सर्व्हर जेवायला जातो.